जिभेवरचा मुरूम

माय,

तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहिली असती तरी तू वाचली नसतीस, कारण तुला अक्षर येत नव्हतं. आज लिहून राहिलो ते मुरमापायी. तुझ्या नातवानं हिंगोलीच्या बाहेर घर बांधलं आहे आणि जीप घेतली आहे. सडकेपासून ओट्यापर्यंत जीप यायला चांगली वाट पाहिजे, म्हणून त्यानं फाटकापाशी मुरमाचे दोन ढीग टाकून घेतले, दोन वेगळ्या खाणींचे. दोन्ही तांबडे, दोन्ही दिसायला सारखे. मला म्हणाला, "बाबा, तुमी जन्मभर हेच काम केलं, तुमीच सांगा कोणता टाकायचा." मी म्हणालो, "तुझ्या मायला विचार." तो हसला, त्याला वाटलं बाबा मस्करी करून राहिले. पुढं काय झालं ते सांगतोच, पण त्याच्याआधी एक गोष्ट कबूल केल्याबिगर माझी लेखणी सरकायची नाही. माय, मी माझ्या बायकोवर जळत आलो. कोण्या परक्या माणसावरून नाही, तुझ्यावरून. सासूनं सुनेला छळलं ह्या गोष्टी तर गावोगाव आहेत. सासूनं सुनेला जीव लावला म्हणून नवऱ्याच्या पोटात दुखलं, असं तू तरी कधी ऐकलं होतंस का? मी मात्र ते जन्मभर सोसलं, आणि कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

तू काय होतीस ते माझ्यापेक्षा गाव जास्त सांगायचं. बा गेला तेव्हा मी तुझ्या कमरेएवढा होतो. डोंगरकड्याच्या वाटेवरचं आपलं ते चार एकर मुरमाड रान, त्यात ज्वारी यायची ती दोन तोंडांना पुरली तर पुरली. म्हणून उन्हाळा लागला की तू सडकेच्या कामावर जायचीस. निजामाचं राज्य होतं, सडका चालू होत्या, बाया डोक्यावर टोपल्यांनी मुरूम वाहायच्या. तिथंच तू शिकलीस. ओला करून पाहिला तर मुरूम कसा आहे ते कोणालाही कळतं, पण माळावर पाणी कुठलं? प्यायलाच एक घागर यायची. तेव्हा तू काय करायचीस, तर खाणीतला चिमूटभर मुरूम जिभेवर ठेवायचीस, पुढच्या दातांनी दाबायचीस आणि थुंकायचीस. दाताखाली कचकन वाजला आणि थुंकल्यावर तोंडात जरासाच चिकटपणा राहिला, तर चांगला. टाळूला गच्च धरून बसला तर चिकणमाती जास्त. जीभ कोरडी पडली तर चुनखडी. पहिल्या पहिल्यानं लोकांनी तुझी फार चेष्टा केली. एका टवाळानं भर कामावर म्हटलं, "बाई माती खाऊन राहिली, दिवस गेले का काय?" विधवा बाईला असं बोलणं, दुसरी असती तर टोपली टाकून घरी गेली असती. तू तोंडातलं थुंकून म्हणालीस, "व्हय. तुमच्या सडकेचं बाळंतपण माझ्याच गळ्यात हाय." त्या दिवसापासून मुकादमही तुला विचारल्याशिवाय खाण बदलत नव्हता.

मालकाच्या वाटेचं काम आलं तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मालक म्हणजे आपल्या गावची निम्मी जमीन ज्याची होती तो. त्यानं गावाबाहेर नवा बंगला बांधला आणि हैदराबादेहून मोटार आणायचं ठरवलं. सडकेपासून बंगल्याच्या पायरीपर्यंत दोनशे पावलांचं अंतर, सगळी काळी माती. बैलगाडी त्यात कशीबशी यायची, मोटार काय येणार? मालकाच्या डोक्यात आलं की कयाधूच्या पात्रातले गोल गुळगुळीत गोटे आणून अंथरायचे, हैदराबादेत कोण्या नवाबाच्या दारात त्यानं तसं पाहिलं होतं. तू पायरीखाली उभी होतीस, डोक्यावरचा पदर सावरत. म्हणालीस, "मालक, गोटा गोल हाय. गोल चीज जागेवर बसत न्हाई, सरकते. मोटार येईल अन् तुमचे गोटे जातील पऱ्हाटीत." मालक खदखदून हसला. म्हणाला, "मग तूच निवड बाई. पण एक सांग, तुझ्यामागं हे काम कोण बघणार? ह्या वाटेनंतर माझ्या शेताच्या वाटा करायच्या हायेत, मला माणूस लागंल." मी तुझ्या मागंच उभा होतो. वीस वर्षांचा, अंगात ताकद, चार इयत्ता शिकलेला. मला वाटलं तू आता मागं वळून माझ्याकडं बोट दाखवणार. तू म्हणालीस, "बघू. घरात दोघं हायेत."

दोघं! अगं, घरात दुसरं कोण होतं? वर्षाभरापूर्वी पुसेगावाकडून आलेली, चुलीपाशीही लाजून बसणारी तुझी सून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती तिथं, मालकाच्या पायरीखाली. मला एकच गोष्ट पाहिजे होती, माय. सडकेवर मुकादम तुला मुरूम दाखवायचा आणि तू "बराबर" म्हणायचीस, तसं एकदा माझ्याकडं बघून म्हणावंस.

तो स्वयंपाकघरातला दिवस आठवतो का तुला? मला तो ह्या क्षणी दिसून राहिला. सकाळची वेळ आहे, चूल पेटली आहे, तव्यावर भाकरी आहे. तू चुलीपासून हातभर लांब पळसाची तीन पानं मांडली आहेस आणि तिन्हींवर तीन ठिकाणचा मुरूम. एक ओढ्याकाठचा, एक उत्तरेच्या टेकडीचा पांढरा, एक तांड्याकडच्या उताराचा तांबडा. आम्हा दोघांना म्हणतेस, "तोंड धुवून या." ती तर धुवूनच बसली आहे. माझ्या गालात तंबाखू आहे. तू माझ्याकडं बघून म्हणतेस, "तंबाखू थुंकून ये."

"तंबाखूनं काय व्हतंय?"

"तिच्यात चुना असतो लेका. चुन्यानं पोळलेल्या तोंडाला चुनखडी कशी कळंल? म्या सडकेवर लागले तवा मिश्री सोडली, उगंच सोडली काय?"

बोलणं खरं होतं, पण तू ते तिच्यासमोर बोललीस. ती भाकरी उलथत होती, तिनं मान खाली घातली आणि पदराआड हसली. निदान मला तसं वाटलं. मी तंबाखू गालाच्या एका कोपऱ्यात सारली आणि तशाच तोंडानं तिन्ही चिमटी चाखल्या. मला काय कळणार? तिन्ही सारखेच, सगळी नुसती कचकच. पण आवाज चढवून सांगितलं, "पांढरा चांगला." मग तू तिला खुणावलंस. तिनं हात पुसले, एकेक चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि दर वेळी चूळ भरून आली. म्हणाली, "आत्याबाई, हा ओढ्याचा टाळूला धरून बसला. पांढऱ्यानं जीभ कोरडी पडली. ह्यो तांबडा वाजला अन् सुटला." राखेनं भरलेला हात तिच्या गालाला लावलास आणि म्हणालीस, "बराबर." राखेचा तो पट्टा दिवसभर तिच्या गालावर होता, तिनं पुसला नाही, आणि मी तो दिवसभर बघत होतो.

त्यानंतर तुमचं दोघींचं एक जगच झालं. दिवस उगवायच्या आत एक टोपली घेऊन दोघी माळावर जायचात आणि उन्हं चढल्यावर हसत परत यायचात. काय हसायचात देव जाणे. मी विचारलं की तू म्हणायचीस, "बायकांचं हाय." तिला एका ताटात घेऊन जेवायचीस. मी लहान होतो तेव्हा तुझ्या ताटात मीच असायचो, दुसरं कोणी नव्हतं. एकदा मी तिला बजावलं, "माळावर जायचं नाही उद्यापासून." ती शांतपणे म्हणाली, "मला काहून सांगता? आत्याबाईला सांगा न तुमी." तुला सांगायची माझी छाती नव्हती. मग मी काय करायचो, तर तिनं केलेल्या भाजीला नावं ठेवायचो. भाजी तर तूच तिला शिकवलेली होतीस, म्हणजे तिथंही मीच हरायचो.

मग मी ते केलं. तुझ्यामागं, तुला न विचारता, पांढऱ्या मुरमाची टोपली घेऊन मालकाकडं गेलो. मालकाला रंग आवडला. म्हणाला, "वा, चुना दिल्यावानी दिसंल की बंगल्यापुढं." दुसऱ्या दिवशी तुला बोलावून सांगितलं, "तुझ्या पोरानं झकास आणलाय." तू माझ्याकडं बघितलंस. मी जमिनीकडं बघितलं. मला वाटलं आता तू मालकासमोर माझी शोभा करणार, पण तू एवढंच म्हणालीस, "टाकू की. पण आधी दहा पावलं टाकून बघू." ती दहा पावलं मी एकट्यानं केली. दोन दिवस धुम्मस उचलून आपटत होतो, हाताला फोड आले. आणि दिसलीही अशी सुंदर, की गाव बघायला यायचं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून दाखवायचो. तिला मुद्दाम पाणी घेऊन बोलवायचो आणि म्हणायचो, "बघ, पांढरा!" ती बघायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि जायची.

मोटार आली त्या दिवशी सकाळी तू त्या दहा पावलांवर तीन पखाली पाणी ओतवलंस. मला वाटलं, माझी फजिती व्हावी म्हणून तू हे केलंस. आज वाटतं, तू मोटार रुतण्याआधी मला कळावं म्हणून केलंस. मी जवळ जाऊन बोट लावून बघितलं असतं तरी कळलं असतं, पण मी गेलोच नाही. मालकाचा मेहुणा मोटार चालवत होता, पोंगा वाजवत सडकेवरून आत वळला. काळ्या मातीवर घातलेल्या फळ्यांवरून बरा आला आणि माझ्या दहा पावलांवर चढला. मागची चाकं गरगर फिरली. पांढरा चिखल उडाला तो थेट मालकाच्या धोतरावर, छातीपर्यंत. गाव पोट धरून हसलं. रंग आपल्यालाच आवडला होता हे विसरून मालक ओरडला, "कोणी निवडलं हे?" मी चार हात लांब उभा होतो. तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण तू पुढं झालीस. "चुकी माझी हाय मालक. जिभेला उमगलं न्हाई."

तुझं नाव मी घालवलं, आणि मला लाज वाटायला पाहिजे होती. पण खरं सांगू? लाज मागाहून वाटली. आधी राग आला. वाटलं, हिनं माझी चूकसुद्धा माझ्याजवळ ठेवली नाही. तिला "बराबर" दिलं आणि माझ्याकडची एवढी एक होती तीही स्वतः घेतली. दुपारी जेवताना तू माझ्यापुढं भाकरी ठेवलीस आणि म्हणालीस, "तुला मुरूम निवडायचाच नव्हता. तुला मला हरवायचं व्हतं." मग आवाज उतरवून म्हणालीस, "तंबाखू सोड. एक म्हैना सोड, रिकाम्या तोंडानं ये, म्या शिकवते तुला. तिला काय जास्त कळत न्हाई, तिचं तोंड साफ हाय एवढंच." ती चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. मी भरल्या ताटावरून उठलो, बाहेर आलो आणि ओट्यावर बसून तंबाखू मळली.

तांबडा मुरूम तांड्याकडच्या उतारावरून आला. ती जागा तुझ्या सुनेनं चाखून निवडलेली. मालकानं तुला परत संधी दिली ती कशी, मला कधी कळलं नाही, पण पांढरा चिखल मी माझ्या हातानं खरवडून काढला. नवा थर पडल्यावर तू धुम्मस लावू दिलं नाहीस. तांड्यावर गेलीस. त्या लोकांचे बापआजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती करायचे, पण गुरं भरपूर होती. त्यांच्या नायकानं तीन दिवस सांजेला सगळं खिल्लार त्या दोनशे पावलांवरून वरखाली फिरवलं. पुढं पखालवाला पाणी शिंपडायचा, मागून गुरं. नायक मला म्हणाला, "धुम्मस वरून मारतं, खूर आत जाऊन दाबतो." चौथ्या दिवशी मोटार त्या वाटेवरून अशी गेली, की आत बसलेल्या मालकाच्या हातातल्या पेल्यातलं पाणीही हललं नसतं. मालकानं तुझ्या हाती नारळ दिला. तू तो सुनेच्या ओटीत टाकलास. शेताच्या वाटांचं काम मला मिळालं खरं, कारण बाईमाणसाला मुकादम कोण करणार? पण मालकानं देताना सांगितलं, "घरी विचारत जा."

रझाकाराचं साल गेलं आणि त्यानंतरच्या थंडीत तू गेलीस. शेवटचे चार दिवस तुझं बोलणं कमी झालं होतं. मला जवळ बोलावून तू उशाजवळचा पितळेचा गडवा माझ्या हातात दिलास. तोच, ज्यात मुरूम घालून, पाणी ओतून, हलवून ठेवायचीस. खडा खाली बसतो, माती वर थर धरते, बोट लावलं की किती माती आहे ते दिसतं. साहेबलोकांना दाखवायला तू तो ठेवला होतास, तुला स्वतःला कधी लागला नाही. म्हणालीस, "हा तुला." मी विचारलं, "अन् तिला?" तू म्हणालीस, "तिला काही लागत न्हाई." माय, मरणाच्या दारातल्या माणसावर कोणी रागावतं का? मी रागावलो. ज्याला जीभ नाही त्याला भांडं, असा मी अर्थ घेतला. गडवा फळीवर ठेवला आणि आजवर त्यात एक चिमूट मुरूम घातला नाही.

पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. निजाम गेला, सरकारी कामं निघाली, मी मुकादम झालो. सिद्धेश्वरच्या धरणाचं काम निघालं तेव्हा तिकडच्या वाटांवरही मी होतो. माझी ख्याती काय झाली होती सांगू? "हा माणूस तोंडात घालून मुरूम सांगतो." साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्याकडं आणायचे. मी तुझ्यासारखी चिमूट उचलायचो, जिभेवर ठेवायचो, तिच्यासारखे डोळे मिटायचो, थुंकायचो आणि गंभीर चेहरा करून म्हणायचो, "उद्या सांगतो, रात्र जाऊ द्या." लोकांना त्यातही कसब दिसायचं. आणि संध्याकाळी रुमालाच्या गाठीत बांधलेली ती माती मी घरी आणून चुलीपाशी सोडायचो. ती कणीक मळता मळता हात धुवायची, चाखायची आणि सांगायची. एका वाक्यात. ना कधी मोठेपणा केला, ना चार बायांत बोलली. मी दुसऱ्या दिवशी ते माझं म्हणून सांगायचो. तीस वर्षं! एकदा तरी तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मारत नव्हती म्हणून मी आणखी जळायचो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गालात आतून पांढरा चट्टा आला. डॉक्टरनं सांगितलं, तंबाखू आजच्या आज बंद, नाहीतर पुढचं मला विचारू नका. तू सांगून सुटली नाही ती भीतीनं सुटली. आणि ह्या श्रावणात तुझी सून तापानं पडली. वीस दिवस. उठली तेव्हापासून तिच्या तोंडाला चव नाही. भाजीत कधी मीठ दोनदा पडतं, कधी पडतच नाही. घरात कोणी बोलत नाही. पोरगा एकदा बोलायला गेला, मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं गप भाकरी मोडली. तिला आपल्याला चव नाही हे कळत असावं, पण मुरमाचं तिच्या ध्यानात आलं नसावं. मीठ वेगळं, मुरूम वेगळा, असं तिला वाटलं असेल.

तर पोरानं मस्करी समजूनच मायला फाटकापाशी नेलं. ती ऐटीत गेली, खोटं कशाला सांगू. पदर खोचला, दोन्ही ढिगांतली चिमूट चाखली, डावीकडच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "ह्यो." एवढं म्हणून आत गेली. मी तिच्याकडं बघत राहिलो. त्या रोजी डाळीत तिप्पट मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातली उठायच्या आधी, मी चूळ भरली. चहा घेतला नाही. फाटकापाशी गेलो आणि डाव्या ढिगातली चिमूट जिभेवर ठेवली. माय, जीभ कोरडी पडली. टाळूपर्यंत कोरडी. मी घाबरलोच. चूळ भरून उजव्या ढिगातली घेतली. कचकन वाजली आणि सुटली. जरासाच चिकटपणा, तू म्हणायचीस तेवढाच. मी त्या ढिगावर खाली बसलो, सत्तरीला टेकलेला माणूस, मटकन. तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. आत गेलो, फळीवरचा तुझा गडवा काढला, घासला आणि ओट्यावर बसून दोन्ही मुरूम एकामागून एक त्यात बसवून बघितले. डाव्याचं पाणी पांढरं झालं आणि दुपारपर्यंत तसंच राहिलं. उजव्याचं निवळलं. ती चुकली होती आणि मी बराबर निघालो होतो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तुला काय वाटलं, मला आनंद झाला? झाला. असा झाला की गावभर ओरडत फिरावं. पोराला हाक मारायला तोंडही उघडलं. तेवढ्यात ती बाहेर आली, हातात माझा दुपारचा चहा, आणि चहात साखरच नव्हती. मी तो चहा पूर्ण प्यालो.

पोराला म्हणालो, "उजव्याच्या गाड्या मागव. मायनं दाखवला तो उजवाच, तुझी बघण्यात गफलत झाली." पोरगं म्हणालं, "बाबा, तिनं तर..." मी म्हणालो, "मी बोललो न." गाड्या आल्या, मुरूम पसरला, पाणी मारलं, रूळ फिरला. काल संध्याकाळी ती वाट बघायला बाहेर आली. चपला ओट्यावर काढून अनवाणी फाटकापर्यंत गेली. मधेच थांबली. अंगठ्यानं मुरूम उकरला, टाचेनं दाबला, परत उकरला. मी ओट्यावरून तिच्या पायाकडं बघत होतो. ती तशीच परत आली, माझ्यापुढं उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी दाखवला तो ह्यो न्हाई." ती बघत राहिली माझ्या गालाकडं, जिथं तंबाखू असायची. मग म्हणाली, "बराबर केलं तुमी."

तुझाच शब्द, तुझ्याच आवाजात. मला वाटलं होतं ह्या शब्दानं सगळं फिटेल. आणि पहिला विचार काय आला सांगू? आता हिच्या पायालाही कळतं! बघ, अजून जळतो.

ती आतून विचारून राहिली, "अवं, सकाळपासून कोणाला लिहून राहिले?" मी सांगितलं, तहसीलीचा अर्ज आहे. हा कागद घडी करून तुझ्या गडव्यात ठेवणार आहे, तिला वाचता येत नाही, पोरगं गडव्यात हात घालत नाही. पण तो घडी करण्याआधी शेवटचं सांगतो, जे तिला काल सांगता आलं नाही. त्या सकाळी चुलीपाशी तू थुंकून ये म्हणालीस, मग मोटार रुतली त्या दुपारी एक म्हैना सोड म्हणालीस, तेव्हा मी हट्टानं सोडली नाही असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत आलं. खरं ते नव्हतं. तोंडात तंबाखू होती तोवर कळत नाही म्हणायला मला जागा होती. ती थुंकून, तोंड साफ करून तुझ्यासमोर बसलो असतो आणि तरीही काही कळलं नसतं, तर? मी भ्यालो होतो, माय.